ती घागर विहिरीवरच का टाकून गेली?

शेवंती_नगर
सलाम मंडळी. येत्या शनिवारी आमच्या महिला मंडळात बोलायची पाळी माझी आहे. विषय दिलाय ‘येशूला भेटलेली माणसे आणि आपले जीवन’. वेळ वीस मिनिटं. त्यातून प्रार्थना, दोन गीतं आणि ‘अगं चहाचं बघितलं का कुणी’ वजा केलं की उरतात बारा.

मी योहान ४, म्हणजे बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, घ्यायचं ठरवलंय. सूखार गावाजवळची याकोबाची विहीर, दुपारची वेळ, दमून बसलेला येशू आणि पाणी भरायला आलेली शोमरोनी (यहुद्यांशी वैर असलेल्या शेजारच्या समाजातली) बाई. लहानपणापासून या उताऱ्यावर किमान पंचवीस प्रवचनं ऐकली असतील. सगळ्यांचा साचा एकच : बाई पापी होती, म्हणून लोकांची तोंडं चुकवून भर दुपारी आली, येशूने तिचे पाच नवरे काढले, ती वरमली, तारण झालं, आमेन. आणि मग आम्हा बायकांकडे एक रोखून नजर.

मला हे पुन्हा सांगायचं नाही. म्हणून दोन प्रश्न.
एक, अशा भेटींपैकी कुठल्या भेटीने तुमच्या रोजच्या जगण्यात खरंच काही बदललं? रविवारचं नको, सोमवारचं सांगा.
दोन, २८व्या वचनात ती घागर तिथेच टाकून गावात जाते. का? एवढी लांब पायपीट करून आलेली बाई घागर विसरेल का हो?

फक्त_वाचक
वाचतोय. जागा धरून ठेवतो.

वसईचा_केळीवाला
ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मी गेल्या पावसाळ्यात चर्चमध्ये मिस्साला (उपासनेला) तीन छत्र्या विसरून आलो. त्यामागे काही दैवी योजना असेल असं बायकोला पटवतोय, ती ऐकत नाही.

आता जरा नीट. माझी भेट जक्कयाची. लूक १९. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. एवढा पैसेवाला माणूस पोरांसारखा झाडावर चढतो, यातच अर्धी गोष्ट आली. पण मला भिडतं ते पुढचं. येशू त्याला उपदेश करत नाही. ‘खाली उतर, आज तुझ्या घरी मुक्काम’ म्हणतो. परस्पर! न विचारता पाहुणा! आमच्या आईला कुणी असा पाहुणा आणलेला चालायचा नाही, सुक्या बोंबलावर भागवावं लागायचं.

बदल विचाराल तर, ज्या माणसाशी माझं बांधावरून दहा वर्षं वाजत होतं त्याच्याकडे मी एकदा असाच जाऊन बसलो. चहा मागितला. भांडण मिटलं म्हणणार नाही, मोजणी अजून व्हायचीच आहे. पण आता ओरडून बोलत नाही आम्ही.

उंबरफूल
अवांतर, पण राहवत नाही. मराठी बायबलात ‘उंबर’ हे भाषांतर झकास जमलंय. तिकडचं झाड म्हणजे सायकॅमोर अंजीर. आपला उंबर वेगळा, पण भाऊबंदच. दोन्ही फायकस कुळातले, दोन्हींची फळं खोडाला आणि जाड फांद्यांना थेट लगडतात. सायकॅमोरच्या फांद्या बुटक्या खोडापासूनच पसरतात, त्यामुळे बुटक्या माणसालाही चढता येतं. जक्कयाने झाड विचारपूर्वक निवडलं होतं!

वसईचा_केळीवाला
@उंबरफूल, आणि उंबराचं फळ फोडलं की आत किडे. मुख्य जकातदारासाठी यापेक्षा चांगलं झाड नाही.

आडवा_प्रश्न
मी ख्रिस्ती नाही, कुठलाच नाही. धागा प्रचाराचा आहे का ते आधी कळू दे.
नसेल तर माझी शंका. आत्ता तुमच्या प्रश्नामुळे तो अध्याय काढून वाचला. माणूस सुरुवातीलाच म्हणतो, मला प्यायला पाणी दे. मग लांबलचक संवाद. पण त्याला पाणी मिळालं का शेवटी? मला तरी कुठे दिसलं नाही. लेखक विसरला की काय?

शेवंती_नगर
प्रचाराचा नाही हो, पंचाईतीचा आहे. बारा मिनिटं भरायची आहेत.
पण शंका जबरदस्त आहे. मीही आता पुन्हा वाचलं. खरंच, तो पाणी प्यायल्याचं कुठेच नाही. शिष्य गावातून जेवण घेऊन येतात, तेही तो खात नाही. ‘माझं अन्न वेगळं आहे’ म्हणतो. म्हणजे अख्ख्या प्रसंगात तो तहानलेला आणि उपाशी. पंचवीस प्रवचनांत हे कुणी दाखवलं नव्हतं.

निवृत्त_पाळक
प्रभूमध्ये सलाम. शेवंतीताई, तुमच्या पंचवीस प्रवचनांत माझी दोन-चार असण्याची दाट शक्यता आहे. मी त्या भागात नोकरी केली आहे.

मान्य करतो, आम्ही मंडळी पाच नवऱ्यांवर फार रेंगाळलो. वचनात येशू तिला ‘पुन्हा पाप करू नकोस’ असं म्हणत नाही. ते शब्द योहान ५ मधल्या बरा झालेल्या माणसाला आहेत आणि ८व्या अध्यायातल्या स्त्रीला. पाच नवरे कसे झाले तेही लिहिलेलं नाही. वारले असतील, टाकलं असेल. सोडचिठ्ठी देणं त्या काळी बहुतेक पुरुषाच्याच हातात होतं. सदूकी या यहुदी पंथाच्या लोकांनी येशूला सात भावांशी पाठोपाठ लग्न लागलेल्या विधवेचं कोडं घातलं, त्या बाईला आपण कधी पापी म्हटलं नाही.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. गावात जाऊन ती स्वतःच सांगते की मी केलेलं सगळं त्याने मला सांगितलं. ‘माझ्यावर ओढवलेलं’ असं म्हणत नाही, ‘केलेलं’ म्हणते. पापाचा विषय उताऱ्यातून पुसून टाकला तर ती बाई आपल्याला आवडेल अशी होईल, पण योहानाने लिहिलेली राहणार नाही.

आणि निकदेमाला शेजारी ठेवून वाचा. तिसऱ्या अध्यायात नाव असलेला, पदवी असलेला, धर्मपंडित, रात्री येतो. चौथ्यात नाव नसलेली, गावावरून ओवाळून टाकलेली, भर उन्हात. तो दोन-तीन प्रश्न विचारून गप्प होतो, ही वाद घालते.

परिचारिका_मस्कत
पाळकसाहेब, निकदेमाला इतक्यात निकालात काढू नका, माझा आवडता आहे तो. ७व्या अध्यायात परूश्यांच्या (यहुदी धर्मपुढाऱ्यांच्या) सभेत दबक्या आवाजात का होईना, येशूची बाजू घेतो. आणि १९व्यात, पेत्र वगैरे सगळे दारं लावून बसलेले असताना, हा गंधरस आणि अगरू घेऊन पुरायला हजर. वजन शंभर रत्तल दिलंय. आजच्या मापात तीस किलोच्या वर! रात्री लपून येणारा माणूस एवढं ओझं घेऊन उजेडी येतो. काही लोकांना वेळ लागतो.

पहिल्या प्रश्नाबद्दल. माझी भेट बार्तीमयाची. आंधळा भिकारी ओरडतोय, येशू थांबतो आणि विचारतो, ‘मी तुझ्यासाठी काय करावं म्हणतोस?’ मला हा प्रश्न कित्येक वर्षं वेडगळ वाटायचा. आंधळ्याला काय पाहिजे हे काय विचारायचं?

मग इथे वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते. भाषा माझी वेगळी, त्यांची वेगळी. सारखी बेल वाजवायचे. मी जायची, सलाईन बघायची, दुखण्याचं औषध चढवायची, उशी नीट करायची, परत बेल. चौथ्या रात्री अगदी चिडून मी नुसती खुर्ची ओढून बसले आणि हातांनीच विचारलं, काय पाहिजे? त्यांनी बोटाने भिंत दाखवली, मग खिडकी. पलंग फिरवून हवा होता. भिंतीकडे तोंड होतं त्यांचं चार दिवस. चाकाचे खटके काढून पलंग फिरवला. त्या रात्री पुन्हा बेल वाजली नाही.

तेव्हापासून नव्या मुलींना हेच सांगते, आधी विचारा, मग सुई.

फक्त_वाचक
मस्कतताई, हे फार भारी.

कोरा_कागद
मी जरा वेगळं लिहितो, गोड मानून घ्या.

आमचं गाव नेवासे तालुक्यात. पणजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला. त्याआधी आम्ही गावकुसाबाहेरचे, आणि त्यानंतरही गावाच्या लेखी गावकुसाबाहेरचेच. आजी पाण्याचं सांगायची. विहिरीच्या काठावर चढायचं नाही. घागर खाली ठेवून लांब बसायचं. वर कुणी बाई आली आणि तिला दया आली तर ती वरून ओतणार. ओतताना धार उंचावरून धरायची, पोहरा घागरीला लागता कामा नये. त्यामुळे निम्मं पाणी मातीत. आजी म्हणायची, ‘घागर भरायच्या आधी माझं लुगडं भिजायचं.’

म्हणून मी योहान ४ वाचतो तेव्हा मला पाच नवरे दिसतच नाहीत. मला नववं वचन दिसतं. ‘तुम्ही यहूदी असून माझ्यासारख्या शोमरोनी बाईकडे पाणी कसं मागता?’ आणि पुढे कंसात योहानाचा खुलासा, की यहुद्यांचा शोमरोन्यांशी व्यवहार नसतो. काही अभ्यासक सांगतात की मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘एकत्र वापरणं’ असाही होतो, म्हणजे भांडी. विटाळाचीच गोष्ट आहे ही. आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. जोतीरावांनी आपला हौद १८६८ साली खुला केला, महाडला बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला ओंजळभर पाणी प्यायलं, ते सगळं याच वचनाच्या आसपासचं आहे.

आता उलटं बघा. आजीच्या गोष्टीत वरचा देतो, खालचा घेतो. दया वरून खाली येते आणि निम्मी मातीत जाते. इथे ज्याला लोक वरचा समजतात तो म्हणतो, मला दे. तुझ्या घागरीतून, तुझ्या हाताने. आणि चाळिसावं वचन कुणी वाचत नाही : तो त्या गावात दोन दिवस राहिला. दोन दिवस कुणाच्या ताटात जेवला? कुणाच्या तांब्याने पाणी प्यायला? शिष्यांचे चेहरे बघायला पाहिजे होते.

वारीचा_वाटसरू
@कोरा_कागद, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आमच्याकडे नाथांची गोष्ट सांगतात, रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानलेल्या गाढवाला पाजली. मी कीर्तनात शंभरदा ऐकलीय. पण तुम्ही म्हणता तो फरक खरा. पाजणं सोपं. गाढवाकडे पाणी मागणं कठीण.

आडवा_प्रश्न
गाढवाकडे पाणी मागायचा प्रयत्न मी ऑफिसात रोज करतो.
असो. कोरा_कागद, तुमचा प्रतिसाद खरंच आवडला. पण मग सरळ विचारतो, चर्चमध्ये जात गेली का?

कोरा_कागद
नाही. प्रभुभोजनाला एकच पेला फिरतो, तिथे कुणी तोंड वाकडं करत नाही. लग्नाचं ठरवताना मात्र ‘तुम्ही मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच येतो. माझ्या बहिणीच्या वेळी एका घरातून आला होता. दोन्ही घरं ख्रिस्ती, दोन्हीकडे भिंतीवर ‘ख्रिस्त या घराचा स्वामी’. स्वामीला न विचारता स्थळ मोडलं.

उंबरफूल
:(

निवृत्त_पाळक
कोरा_कागद, तुमचं म्हणणं मी नाकारणार नाही. चाळीस वर्षांत ते ‘मूळचे कोण’ मी किती वेळा ऐकलं आणि किती वेळा ऐकू न आल्यासारखं केलं, हे मला माहीत आहे.

दिमोनाकर
शालोम. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी. आजोबा अलिबागकडचे, तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. आम्ही इस्राएलमध्ये दिमोनात राहतो, घरात अजून मराठी चालते. नवा करार आमचा ग्रंथ नाही, त्यामुळे त्यातल्या श्रद्धेबद्दल बोलणार नाही. पण विहिरी आमच्या आहेत, त्याबद्दल बोलतो.

पहिलं, तोरा, म्हणजे आमची मोशेची पुस्तकं, वाचलेल्या माणसाला विहीर, परका पुरुष आणि बाई म्हटलं की एकच गोष्ट सुचते : लग्न! अब्राहामाचा चाकर विहिरीवर रिबकेकडे पाणी मागतो. याकोबाला राहेल विहिरीवर भेटते. मोशेला सिप्पोरा विहिरीवर. शिष्य परत येऊन अवाक का होतात ते यावरून समजा. त्यांना वाटलं असेल, गुरुजींचं जमतंय की काय!

दुसरं, ‘दुपारी आली म्हणजे बदनाम होती’ हे मी ख्रिस्ती मित्रांकडून नेहमी ऐकतो. उत्पत्ती २९ वाचा. राहेल विहिरीवर येते तेव्हा याकोब मेंढपाळांना म्हणतो, अजून दिवस पुष्कळ आहे. भर दिवसाच आली ती. तिला कुणी बदनाम म्हटलं नाही. पाणी संपलं की बाई पाण्याला जाते, घड्याळ बघून जात नाही.

तिसरं थोडं तिखट. या गोष्टीत ‘यहूदी म्हणजे गर्विष्ठ, शोमरोनी बिचारे’ असं रंगवू नका. भांडण दोन्हीकडचं होतं. आमच्या हिर्कान राजाने गरिज्जीम डोंगरावरचं त्यांचं मंदिर पाडलं, हे खरं. पण तुमच्याच लूक ९ मध्ये शोमरोनी गावाने येशूला मुक्कामाला जागा नाकारली आहे. आणि तो येशू स्वतः यहूदी होता, हे विहिरीवरच्या बाईला एका नजरेत कळलं, बऱ्याच चर्चना अजून कळलेलं नाही.

शोमरोनी आजही आहेत बरं का. काही गरिज्जीमवर, काही तेल अवीवजवळ होलोनमध्ये. सगळे मिळून हजाराच्या आत. मोशेची पाच पुस्तकं तेवढी मानतात आणि वल्हांडण सणाला अजून डोंगरावर कोकरं कापतात.

शेवंती_नगर
दिमोनाकर दादा, तिखट लागलं पण चव आली. लग्नाच्या विहिरींचं तर डोक्यातच आलं नव्हतं. पाच नवऱ्यांचा विषय मग त्याच ओघात निघतो की! सहावा चालू, आणि समोर बसलाय सातवा. आमच्या पाळकांना सांगितलं तर भोवळ येईल.

परिचारिका_मस्कत
मी मागे आमच्या चर्चच्या गटाबरोबर तिकडे गेले होते. ती विहीर नाब्लुसजवळ आहे, वर ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च बांधलंय. पायऱ्या उतरून तळघरात जायचं, तिथे रहाट आणि पोहरा. पेलाभर पाणी आत ओतलं तर खाली पडल्याचा आवाज इतक्या उशिराने येतो की आम्ही सगळे एकमेकींकडे बघायला लागलो. ‘पोहरा नाही आणि विहीर खोल आहे’ असं ती बाई म्हणते ना, ते थट्टेत म्हणत नव्हती. मी त्या पाण्याची बाटली आणली. आईने ती देव्हाऱ्यात ठेवावी तशी शोकेसमध्ये ठेवली, आणि वडिलांनी एक दिवस चहाला वापरली.

त्या चर्चच्या परंपरेत त्या बाईला नावही आहे. फोटिनी. प्रकाशाची.

वसईचा_केळीवाला
वडिलांना जिवंत पाण्याचा चहा कसा लागला?

परिचारिका_मस्कत
‘साखर कमी आहे’ म्हणाले.

कोरा_कागद
धागा छान रंगलाय, पण सगळ्याच भेटी अशा गोड नाहीत. मार्क ७. सुरफुनीकी, म्हणजे यहुदी नसलेली परकी बाई आजारी मुलीसाठी येशूच्या पाया पडते आणि तो म्हणतो, मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणं बरं नाही. हे मला अजून गिळता येत नाही. आमच्या लोकांनी हा शब्द खऱ्या आवाजात ऐकलेला आहे.

निवृत्त_पाळक
ग्रीकमध्ये तिथे लहानपण दाखवणारा शब्द आहे. रस्त्यावरची कुत्री नव्हेत, घरातली पिल्लं असा अर्थ घेतात.

कोरा_कागद
पिल्लू म्हटल्याने शिवी लहान होते का पाळकसाहेब?

निवृत्त_पाळक
नाही होत.

शेवंती_नगर
...
पाळकसाहेब, तुमचं हे दोन शब्दांचं प्रवचन मला तुमच्या सगळ्यांत जास्त पटलं.

परिचारिका_मस्कत
मला त्या उताऱ्यात एवढंच दिसतं की ती मागे हटत नाही. मेजाखालच्या चुऱ्याचं बोलून त्याचा शब्द त्याच्याच पदरात घालते. आणि तो म्हणतो, तुझ्या या बोलण्यामुळे जा, मुलगी बरी झाली. मत्तयात ‘तुझा विश्वास मोठा’ असं आहे, मार्कात ‘बोलण्यामुळे’. येशूशी वाद घालून जिंकलेलं दुसरं कुणी मला आठवत नाही. माझ्या आजारी मुलासाठी मी कुणाकुणाच्या पाया पडलेय आणि काय काय ऐकून घेतलंय ते मला ठाऊक आहे, म्हणून ती मला जवळची वाटते. तुमची सल मात्र यामुळे जात नाही, हे कळतं.

आडवा_प्रश्न
एक विचारू? या सगळ्या गोष्टी यशस्वी भेटींच्याच का? कुणी भेटून नुसता निघून गेला, असं नाही का?

वसईचा_केळीवाला
आहे की! मार्क १० मधला श्रीमंत माणूस. धावत येतो, गुडघे टेकतो, सगळ्या आज्ञा पाळल्यात म्हणतो. येशू त्याच्याकडे बघतो, आणि मार्क लिहितो की त्याला त्याच्यावर प्रेम वाटलं. मग म्हणतो, आहे ते विक, गरिबांना दे, ये. माणूस खिन्न होऊन परत जातो. येशू मागे धावत नाही, ‘बरं निम्मं विक’ असंही म्हणत नाही. वसईत जमिनीला काय भाव आलाय ते बघता आमच्याकडे हे वाचन आलं की चर्चमध्ये खोकल्याची साथ येते.

उंबरफूल
अहो, आता घागरीचं उत्तर दिसतंय मला! बार्तीमयही उठताना अंगावरचं वस्त्र टाकून धावतो, मार्क १०:५०. कोळी जाळी टाकून जातात. मत्तय जकातीचं नाकं सोडून उठतो. आणि हा श्रीमंत तेवढा हातचं सोडत नाही. घागर त्याच माळेतली.

निवृत्त_पाळक
उत्तम. प्रवचनाला तयार मुद्दा आहे, मी कदाचित चोरेन.

आणि शेवंतीताई, मराठी उदाहरण हवं असेल तर दोन देतो. नारायण वामन टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. कवितेवर गप्पा झाल्या, उतरण्यापूर्वी त्याने नवा करार हातात दिला. तो कोण होता हे टिळकांना ठाऊक नव्हतं. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

दुसरं तर थेट तुमच्याच उताऱ्याचं. पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम इथलं ‘पतित’ स्त्रियांसाठीचं आश्रयस्थान दाखवलं. ज्यांना समाजाने टाकलं त्यांची या बायका एवढ्या मायेने सेवा का करतात, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहान ४ वाचून दाखवला. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावचं मुक्ती मिशन, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं अख्खं मराठी बायबल. लक्षात घ्या, रमाबाईंना ती गोष्ट ‘पतित’ स्त्रीची म्हणूनच ऐकवली गेली. जुना अर्थही अगदी टाकाऊ नाही.

शेवंती_नगर
हे माहीत होतं, पण त्या भगिनीने हाच अध्याय वाचला होता हे विसरले होते. जुना अर्थ टाकत नाही, पण रमाबाईंनी तो ऐकून बोट कुणाकडे दाखवलं तेही बघा. बायकांकडे नाही.

चला, शनिवार जवळ आला. शेजारच्या आजींची पितळी घागर उसनी घेतलीय. येऊन सांगते.

वसईचा_केळीवाला
यश चिंतितो. घागर विसरून येऊ नका.

शेवंती_नगर
(पाच दिवसांनी)
झालं एकदाचं. बाराची अठ्ठावीस मिनिटं झाली, चहा गार झाला, कुणी तक्रार केली नाही.

मध्ये टेबलावर घागर ठेवली. पाच नवऱ्यांवर दोन मिनिटं, पाळकसाहेबांच्या ‘केलेलं’ या शब्दासकट. कोरा_कागद, तुमच्या आजीचं लुगडं मी नाव न घेता सांगितलं. मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींचा हात धरला. मग उंबरफूल यांचा मुद्दा. जाळी, वस्त्र, घागर. आणि विचारलं, तुम्ही काय टाकून जाल? नेहमीची उत्तरं आली. राग, मोबाइल, मालिका, सासूबद्दलची कुरकुर (सासू शेजारीच बसली होती).

मग ज्यांची घागर आणली होती त्या आजी उठल्या. एरवी कधी तोंड उघडत नाहीत, वाचता येत नाही, गीतं पाठ आहेत. त्या म्हणाल्या, ‘तिनं टाकली कशाला म्हणता बाई? ठेवली ती. त्याला तहान लागली व्हती. त्याच्यापाशी पोहरा न्हवता. ती गावात गेल्यावर त्यानं पाणी कशानं काढायचं?’

मला पुढचं बोलताच आलं नाही. सरळ प्रार्थना घेतली.

आडवा_प्रश्न
मी तो अध्याय पुन्हा उघडला. आजींना माझा नमस्कार सांगा.

निवृत्त_पाळक
चाळीस वर्षं ग्रीक शब्दकोश उशाशी घेऊन झोपलो.

दिमोनाकर
रिबकाही आपली घागर खाली उतरवते, चाकराला पाजायला. उत्पत्ती २४:१८. आजींनी न वाचता वाचलंय.

कोरा_कागद
म्हणजे तो तिच्या घागरीतून प्यायला. आईला वाचून दाखवतो हे.

वसईचा_केळीवाला
आणि ती पितळी घागर परत दिली का ताई?

शेवंती_नगर
द्यायला गेले काल. आजी म्हणाल्या, रिकामी आणलीस व्हय? आता चालले परत, पाणी भरून आणते.